दोरी कापणारा माणूस

गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ टँडम स्कायडायव्हिंग करून आला. टँडम म्हणजे आपल्या पाठीशी एक अनुभवी इन्स्ट्रक्टर पट्ट्यांनी जोडलेला असतो आणि दोघं मिळून विमानातून उडी मारतात. आम्हाला वाटलं, आता रात्रभर हवेतल्या गप्पा ऐकायला मिळणार. पण पठ्ठ्या उडीबद्दल दोन मिनिटं बोलला आणि तयारीबद्दल अर्धा तास! आधी काट्यावर उभं करून वजन घेतलं. मग फॉर्मवर सह्याच सह्या. मग जमिनीवर पालथं पाडून शरीर धनुष्यासारखं कसं वाकवायचं ते शिकवलं. विमानाच्या दारात डोकं मागे, हात हार्नेसच्या पट्ट्यांवर, उतरताना गुडघे वर. पट्टे एकाने तपासले, दुसऱ्याने पुन्हा तपासले. एवढं झाल्यावर मी विचारलं, मग तू नक्की काय केलंस? तो जरा विचारात पडला. म्हणाला, खरं तर काहीच नाही, फक्त दारात गेल्यावर नको म्हणालो नाही.

आता पुढचा नंबर माझा आहे. डिसेंबरमध्ये सबमिशन संपलं की जायचं ठरलंय. आईला हे कळलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज वाढला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळत होता. आपल्याला शिकवायला माणूस आहे, पाठीशी माणूस आहे, रिझर्व्ह पॅराशूट आहे. पण ज्याने पहिल्यांदा उडी मारली त्याची तयारी कोणी करून घेतली? त्याच्या पाठीशी कोण होतं? शोधता शोधता एका फ्रेंच माणसाची गाठ पडली. त्याचं नाव आंद्रे झाक गार्नरँ. मित्रांनो, या माणसाची गोष्ट इंजिनीअरिंगच्या पोरांनी वाचायलाच हवी.

तुरुंगातला अभ्यास

गार्नरँचा जन्म ३१ जानेवारी १७६९ चा, पॅरिसमधला. तो चौदा वर्षांचा होता तेव्हा, म्हणजे १७८३ साली, फ्रान्समध्ये माणूस पहिल्यांदा फुग्यात बसून आकाशात गेला. आधी माँगोल्फिए बंधूंचा गरम हवेचा फुगा गेला आणि थोड्याच दिवसांत, १ डिसेंबरला, प्रोफेसर झाक शार्ल स्वतः बनवलेल्या हायड्रोजनच्या फुग्यातून वर गेले. हे शार्ल म्हणजे तेच, ज्यांना आपण चार्ल्स म्हणतो आणि ज्यांचा नियम अकरावी-बारावीला घोकतो : दाब स्थिर असेल तर वायूचं आकारमान निरपेक्ष तापमानाच्या समप्रमाणात. पुढे गार्नरँ याच शार्ल यांचा विद्यार्थी झाला. म्हणजे गुरू असा, की जो नियमही सांगतो आणि स्वतः आभाळातही जातो!

मग फ्रेंच राज्यक्रांती आली, पाठोपाठ युद्धं आली. गार्नरँ फ्रेंच फौजेबरोबर गेला आणि ब्रिटिशांच्या हाती सापडला. त्यांनी त्याला ऑस्ट्रियाच्या ताब्यात दिलं. हंगेरीतल्या बुडा इथल्या तुरुंगात (आजच्या बुडापेस्टमधलं बुडा) त्याची जवळजवळ तीन वर्षं गेली.

तीन वर्षं म्हणजे आपल्या सहा सेमिस्टर. ना लायब्ररी, ना वर्कशॉप. समोर फक्त उंच तट आणि तटापलीकडचं जग. भिंतीला भोक पाडता येत नाही, दरवाजा उघडत नाही, पण वरून खाली उतरता आलं तर? मोठ्या पसरट वस्तूला हवा अडवते हे त्याला माहीत होतं. तो अडथळा किती वाढवला की माणूस जिवंत खाली पोचेल, हा प्रश्न त्याने तिथे धरला तो सोडलाच नाही. पळून जायची संधी काही मिळाली नाही. पण सुटून आला तेव्हा प्रश्न त्याच्याबरोबर बाहेर आला.

ही कल्पना डोक्यात आलेला तो एकटाच कैदी नव्हता. द्रुए नावाचा आणखी एक फ्रेंच कैदी ब्रनोच्या श्पिलबर्ग किल्ल्यात होता. पळून जाणाऱ्या सोळाव्या लुई राजाला ओळखून पकडून देणारा तोच हा द्रुए. त्याने कापडाचं पॅराशूट जमवून खिडकीतून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. कल्पना दोघांची सारखीच. एकाने हाताशी आलं ते घेऊन उडी मारली, दुसऱ्याला थांबावं लागलं आणि त्याने थांबलेल्या वेळात विचार केला.

काड्या काढून टाकल्या

पॅराशूट गार्नरँने शोधलं का? नाही. लिओनार्दो दा विंचीने त्याचं चित्र काढून ठेवलं होतं. १७८३ च्या डिसेंबरमध्ये लनॉर्मां नावाच्या गृहस्थाने माँपेलिए शहरात वेधशाळेच्या मनोऱ्यावरून पॅराशूट घेऊन उडी मारून दाखवली होती. पॅराशूट हा शब्दही त्याचाच, अर्थ पडण्यापासून रक्षण. पुढे ब्लांशार नावाच्या फुगेवाल्याने फुग्यातून पॅराशूट बांधून कुत्रा खाली सोडला होता. कुत्र्याला विचारलं होतं की नाही, देव जाणे.

पण या जुन्या पॅराशूटांना बहुधा सांगाडा असायचा, छत्रीच्या काड्यांसारखा. कारण उघड होतं. कापड आपोआप उघडेल यावर विश्वास कसा ठेवायचा? उघडंच घेऊन गेलेलं बरं! पण सांगाडा म्हणजे वजन, सांगाडा म्हणजे मोडण्याची भीती आणि सांगाडा म्हणजे वर नेताना वाऱ्याशी झटापट. गार्नरँने सांगाडा काढून टाकला. नुसतं कापड आणि दोऱ्या. उघडायचं काम हवेवर सोपवलं. आज टँडमच्या बॅगेत जे कापड घडी घालून भरलेलं असतं, त्याचा आकार गार्नरँच्या छत्रीपेक्षा पार वेगळा आहे. ते आयताकृती, पंखासारखं असतं, वळवता येतं. पण हवाच कापडाला आकार देईल हा भरवसा तोच आहे.

त्याची रचना अशी होती : साधारण सात मीटर व्यासाचं कापड, मिटलेल्या छत्रीसारखं लटकवलेलं. मधून एक दांडा. दांड्याच्या नळीतून एक दोरी वर हायड्रोजनच्या फुग्याला बांधलेली. कापडाच्या काठांपासून निघालेल्या दोऱ्या खाली एका टोपलीला. टोपलीत माणूस. फुगा वर नेणार, माणूस दोरी कापणार आणि पुढचं हवा बघणार.

जरा कॅल्क्युलेटर काढा. माणूस, टोपली आणि कापड मिळून १०० किलो धरू. सात मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस मीटर. ड्रॅग कोइफिशंट ०.८ धरला, हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरली आणि वजन बरोबर ड्रॅग असं समीकरण मांडलं, तर वेग येतो सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास. आपण पावणेतीन मीटर उंचीवरून उडी मारली तर जमिनीवर ज्या वेगाने आदळू, तेवढा. म्हणजे जवळजवळ पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून उडी. हाडं खिळखिळी होतील, पण सावधपणे उतरला तर माणूस वाचेल. आकडे मी धरलेले आहेत, पण उत्तराचा अंदाज येतो. आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हे गणित सात मार्कांना येईल. गार्नरँला ते पूर्ण जिवाला आलं होतं.

२२ ऑक्टोबर १७९७

जागा पॅरिसमधलं पार्क मोंसो. खाली गर्दी. फुगा सुटला आणि मिटलेली छत्री, टोपली आणि माणूस यांना घेऊन वर वर गेला. साधारण एक हजार मीटरवर, म्हणजे तीन हजार फुटांच्या आसपास, गार्नरँने दोरी कापली.

इथे क्षणभर थांबूया. टँडममध्ये पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो तो जमिनीवर, फॉर्म भरताना. वर दारातून निघायचं ते इन्स्ट्रक्टरच्या वजनाबरोबर. गार्नरँला मात्र निर्णय वरच घ्यायचा होता आणि तोही स्वतःच्या हाताने. जोपर्यंत दोरी शाबूत आहे तोपर्यंत तो एक फुग्यातला प्रवासी, सुखरूप. ज्या दोरीने वर आणलं तीच कापायची. मागे कोणी नाही, दुसरं पॅराशूट नाही, आणि खालच्या गर्दीतल्या एकानेही असं काही आधी केलेलं नाही. तीन वर्षांचा तुरुंगातला विचार एका बाजूला आणि हातातलं पातं दुसऱ्या बाजूला.

हलका झालेला फुगा वर निघून गेला. खाली कापड उघडलं. उघडलं खरं, पण टोपली भयंकर झोके घ्यायला लागली. या टोकाकडून त्या टोकाकडे, घड्याळाच्या लंबकासारखी. बघणाऱ्यांना वाटलं असणार, आता हा बाहेर फेकला जातो. तो टोपलीला धरून राहिला. टोपली आपटत, घासटत जमिनीला लागली आणि गार्नरँ त्यातून धडधाकट बाहेर आला. फुग्यातून इतक्या उंचीवरून पॅराशूटने सुखरूप उतरलेला तो पहिला माणूस.

आपल्याकडे प्रोजेक्ट एकदा चाललं की पोरं व्हायव्हापर्यंत त्याला हात लावत नाहीत, न जाणो बंद पडलं तर! पण इथे चाललेल्या प्रोजेक्टवरही चर्चा झाली. झोके का बसले? लालांद हे त्या काळातले नामवंत फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी सुचवलेला उपाय म्हणून जो ओळखला जातो तो ऐकून हसू येतं : छत्रीच्या माथ्यावर भोक पाडा!

जीव ज्या कापडावर टांगला आहे त्यालाच भोक? पण कारण पक्कं आहे. कापडाखाली अडकलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. वाट दिली नाही तर ती काठाखालून निसटते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि प्रत्येक वेळी छत्री कलंडते. माथ्यावर ठरलेली वाट दिली की थोडी हवा सरळ वरून जाते आणि छत्री बरीच शांत राहते. आजही सैन्याच्या गोल पॅराशूटच्या माथ्यावर हे भोक असतं. सगळंच घट्ट धरून ठेवलं की झोके बसतात, थोडं सोडलं की तोल येतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मला हे वाक्य स्वतःला सांगावंसं वाटतं.

पोलीस, नवरा आणि बायको

दुसऱ्या वर्षी गार्नरँने जाहीर केलं की आता तो एका स्त्रीला फुग्यातून वर नेणार. झालं! पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं. हवेचा दाब कमी झाला तर बाईच्या नाजूक शरीराचं काय होईल, ती बेशुद्ध पडली तर काय, आणि शिवाय एक पुरुष आणि एक स्त्री इतक्या जवळ, वर आकाशात... बंदीच घातली. शेवटी प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं आणि निकाल असा लागला की स्त्री-पुरुषाने एका घोडागाडीत बसण्यात जेवढी लाज आहे त्यापेक्षा जास्त एका फुग्यात बसण्यात नाही. ८ जुलै १७९८ ला सिटिझन आंरी नावाची ती तरुणी त्याच्याबरोबर पार्क मोंसोतून वर गेली आणि पॅरिसच्या उत्तरेला काही कोसांवर सुखरूप उतरली. अवयव सगळे जागच्या जागी!

पण खरी बाजी मारली जान लाब्रॉसने. ती गार्नरँची शिष्या झाली, मग बायको. १७९८ मध्ये तिने एकटीने फुगा चालवला आणि १२ ऑक्टोबर १७९९ ला साधारण नऊशे मीटरवरून पॅराशूटने उतरली. असं करणारी जगातली पहिली स्त्री. १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये नवऱ्याच्या वतीने पॅराशूटच्या पेटंटचा अर्जही तिनेच केला. त्यात एक छान बारकावा आहे. कापडाच्या खाली बाहेरून एक लाकडी कडं लावलं होतं. त्यामुळे वर जातानाच छत्रीचं तोंड थोडं उघडं राहायचं आणि सुटल्यावर ती लवकर फुगायची. म्हणजे पाच वर्षं उलटली तरी यांची दुरुस्ती चालूच होती. पुढे गार्नरँची पुतणी एलिझा हिनेही तीसहून जास्त उड्या मारल्या. घरच पॅराशूटवाल्यांचं!

मधल्या काळात गार्नरँला सरकारी मानही मिळाला आणि गेलाही. १८०४ च्या डिसेंबरमध्ये नेपोलियनच्या राज्याभिषेकानिमित्त त्याने पॅरिसमधून माणसाविना एक सजवलेला फुगा सोडला. तो वाऱ्याबरोबर थेट इटलीत, रोमजवळ जाऊन पडला. वाटेत तो नीरोच्या थडग्याला अडकला आणि नेपोलियनला तो अपशकुन वाटला, असं सांगतात. काहीही असो, गार्नरँवरची मर्जी उडाली. वाऱ्याची चूक, नोकरी माणसाची!

बघणाऱ्यांपैकी एक

१८०२ साली इंग्लंड आणि फ्रान्समध्ये थोडे दिवस तह झाला होता, तेव्हा गार्नरँ लंडनला गेला. २१ सप्टेंबरला ग्रोव्हनर स्क्वेअरजवळच्या मैदानातून वर गेला आणि पॅराशूटने सेंट पँक्रसजवळ उतरला. याही वेळी झोके इतके जोराचे होते की उतरल्यावर तो पार गळून गेला होता. उपाय सुचला म्हणजे लगेच जमला असं नसतं, हे आपल्या वर्कशॉपमध्येही कळतं.

त्या दिवशी बघणाऱ्यांत रॉबर्ट कॉकिंग नावाचा एक इंग्रज होता. ते झोके त्याच्या मनात रुतले. त्याने वेगळा उपाय काढला : छत्री उलटी करायची, म्हणजे टोक खाली आणि तोंड वर असलेला शंकू. उलटा शंकू डोलत नाही, हा विचार चुकीचा नव्हता. तब्बल ३५ वर्षं तो विचार मनात बाळगून २४ जुलै १८३७ ला, वयाच्या ६१ व्या वर्षी, कॉकिंग एका मोठ्या फुग्याखाली लटकून लंडनच्या आकाशात साधारण पाच हजार फुटांवर गेला. त्याआधी त्याने एकही उडी मारलेली नव्हती. पॅराशूटचं स्वतःचं वजनच शंभर किलोच्या वर होतं आणि ते त्याने हिशेबात नीट धरलेलं नव्हतं. शिवण आणि सांगाडाही कच्चा. सुटल्यावर थोड्याच वेळात शंकू उलटा झाला, मोडला आणि कॉकिंग जागीच गेला.

मी हे वाचलं आणि मावसभावाचा वजनकाटा आठवला. तो सांगताना आम्ही हसलो होतो, वजन काय करायचंय, जेवायला बोलावलंय का म्हणून! दोन माणसं मिळून एकट्यापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने पडतात. म्हणून टँडममध्ये उडी मारल्यावर लगेच एक लहान पॅराशूट मागे सोडतात. ते वेग एका माणसाच्या वेगाइतका, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणून ठेवतं. सगळी सामग्री ठराविक वजनापर्यंतच चालते. त्या काट्यावरच्या आकड्यामागे कॉकिंगसारख्यांचे जीव आहेत. धाडस कॉकिंगमध्ये कमी नव्हतं, गार्नरँइतकंच होतं. कमी पडली ती बेरीज.

शेवट जमिनीवर

गार्नरँ हवेत मेला नाही. इतके झोके खाऊन, युद्ध, तुरुंग आणि बादशहाची नाराजी सोसून हा माणूस १८ ऑगस्ट १८२३ ला पॅरिसमध्ये एका फुग्याची तयारी करत होता. तेव्हा वरून एक लाकडी तुळई त्याच्यावर आदळली आणि त्यात तो गेला. वय ५४.

आभाळात ज्याने स्वतःची दोरी स्वतः कापली, त्याला जमिनीवर एका लाकडाने गाठलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही नशिबाची थट्टा वाटली. आता तसं वाटत नाही. हवेतल्या धोक्याचा त्याने तीन वर्षं तुरुंगात आणि पुढे आयुष्यभर विचार केला होता. डोक्यावरच्या तुळईचा विचार कोण करतो? आपणही लेथवर पहिल्या दिवशी भीतभीत उभे राहतो, गॉगल लावतो, बाह्या दुमडतो. तिसऱ्या वर्षी त्याच लेथला टेकून गप्पा मारतो. जिथे भीती वाटते तिथे माणूस तयारी करतो. जिथे वाटत नाही तिथे घात होतो.

आईला हे सगळं सांगितलं. गार्नरँ कसा वाचला ते तिने नीट ऐकलं, कॉकिंगचं मात्र मी गाळलं. मग दोन दिवसांनी न राहवून तेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग एवढंच विचारलं, की तुझं वजन फॉर्मवर खरं लिहिलंयस ना? मी दोन किलो कमी लिहिलं होतं, उगाच, स्टाइलमध्ये. त्याच संध्याकाळी फोन करून आकडा बदलून घेतला.

डिसेंबरमध्ये दारात उभा राहीन तेव्हा भीती वाटेलच. पण आता मला माहीत आहे की माझ्या पाठीशी फक्त एक इन्स्ट्रक्टर नसेल. सांगाडा काढून टाकणारा गार्नरँ असेल, कापडाला भोक पाडा म्हणणारे लालांद असतील, लाकडी कड्याचं पेटंट मागणारी लाब्रॉस असेल आणि वजनाच्या काट्याजवळ कॉकिंगही असेल. त्यांची तयारी झालेली आहे. मला फक्त खरा आकडा सांगायचा आहे, गुडघे वर घ्यायचे आहेत आणि नको म्हणायचं नाही.